रेशन बंद केल्याने पाळणा लांबत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तरुण ग्रामपंचायत सदस्याने मला विचारलं आहे: "ताई, देशाची लोकसंख्या चीनच्या पुढे गेली. आमच्याच गावात काही घरांत चार-चार लेकरं आहेत. दोन मुलांचा कायदा फक्त निवडणुकीला आणि सरकारी नोकरीलाच का? तिसरं मूल झालं की रेशन, घरकुल सगळं बंद करा, म्हणजे लोक आपोआप थांबतील. तुम्ही एवढी वर्षं कुटुंब नियोजनाचं काम केलं, तुमचा अनुभव काय सांगतो?" पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलंय की त्यांना दोन मुलं आहेत, या हिवाळ्यात मिसेसचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे, त्याबद्दलही दोन शब्द सांगा.

भाऊ, तुमची तळमळ मला कळते. पाच एकर कोरडवाहू शेताचे चार वाटे झालेले आणि चौघंही भाऊ दुसऱ्याच्या वावरात रोजीने जाताना मी पाहिले आहेत. तरी उत्तर आधीच सांगून टाकते: रेशन बंद करू नका. १९८४ पासून चौतीस वर्षं, आधी उपकेंद्राची नर्सबाई आणि नंतर आरोग्य सहाय्यिका म्हणून, पैनगंगेच्या काठच्या गावांत मी हेच काम केलं. धाकामुळे लहान झालेलं कुटुंब मला आठवत नाही. धाकामुळे लपवलेली बाळंतपणं मात्र बरीच आठवतात.

आधी आकड्यांचं बघू. १९५१ च्या जनगणनेत आपण ३६ कोटी होतो, २०११ ला १२१ कोटी झालो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं. यात खोटं काही नाही. पण माणसं वाढणं वेगळं आणि घरोघरी जास्त लेकरं होणं वेगळं. १९५० च्या दशकात आपल्याकडे बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ३.४ होता. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात तो २.० झाला. महाराष्ट्राचा तर १.७. आई-बापाची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला साधारण २.१ लागतात. म्हणजे आपलं राज्य त्या रेघेच्या खाली आलेलं आहे, आणि त्यात यवतमाळही आलं, वाशीमही आलं.

मग लोकसंख्या वाढते कशी, असं तुम्ही विचाराल. एक वाडी डोळ्यापुढे आणा. तिथे दहा जोडपी, म्हणजे वीस माणसं. प्रत्येकाची चार लेकरं जगली, झाली चाळीस. त्यांची वीस जोडपी बनली आणि त्यांनी शहाण्यासारखं प्रत्येकी दोनावर थांबवलं. तरी नातवंडं चाळीस झालीच. आजा-आजी अजून ओसरीवर बसलेले आहेत, कारण आता माणूस पूर्वीपेक्षा जास्त जगतो. मोजा, वाडी वीसावरून शंभरावर गेली, आणि या पोरांच्या पिढीत एकानेही तिसरं मूल होऊ दिलं नाही! आज देशात हेच चाललं आहे. ही वाढ मागच्या पिढीच्या बाळंतपणांची आहे, आणि ती पिढी सरल्यावरच ओसरेल. उद्या कितीही कडक कायदा आणला तरी आधीच जन्मलेल्या तरुणांची संख्या तो कमी करू शकत नाही. तुमच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेचा पट काढून बघा. वीसच्या आत पट गेलेल्या शाळांची चिंता सध्या सगळीकडे चालली आहे. त्याला इंग्रजी शाळा आणि पुण्या-नागपूरला गेलेली कुटुंबंही कारण आहेत, पण पाळण्यातलं मूल कमी झालं हेही आहेच.

आता हे कमी कसं झालं, ते सांगते. हा भाग मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा घरोघरी जाऊन पात्र जोडप्यांचं रजिस्टर भरायचं होतं. बाईला विचारायचं, लेकरं किती? उत्तर कधीच एका आकड्यात यायचं नाही. "झाले सहा, हायेत तीन." पहिल्या महिन्यात मला वाटलं ही एखाद-दुसऱ्या घराची गोष्ट असेल. नंतर लक्षात आलं, रजिस्टरमध्ये त्यासाठी दोन वेगळे रकानेच पाहिजेत. एक लेकरू हगवणीने, एक गोवराने, एक नुसतंच "थंडं पडलं" म्हणून गेलेलं. अशा बाईला मी शहाणपणाने सांगत होते की दोन पुरेत. ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "बाई, तुमी लिहून द्या, हे दोन जगतीन म्हनून. म्या आत्ताच चालते तुमच्यासंगं." माझ्याजवळ उत्तर नसायचं. मुकाट्याने रजिस्टर मिटायचं आणि पुढच्या दाराशी जायचं.

पुढच्या वीस वर्षांत ते रकाने जवळ जवळ आले. लसीकरण वाढलं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी घरोघरी कळलं, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. आपल्या विदर्भातच गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. थंड पडलेलं बाळ उबेत कसं ठेवायचं, श्वास कसा मोजायचा, न्यूमोनिया कसा ओळखायचा, हे सगळं त्या कमी शिकलेल्या बायकांनी करून दाखवलं. त्या गावांतले नवजात बालमृत्यू तीन वर्षांत ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि तो अभ्यास १९९९ मध्ये जगापुढे आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी वजनकाटा घेऊन जाते, त्याची मुळं तिथली आहेत. तुम्ही म्हणाल, हे बालआरोग्य झालं, कुटुंब नियोजन कुठे आलं? भाऊ, हेच कुटुंब नियोजन आहे. ज्या वर्षी माझ्या उपकेंद्राच्या एका गावात वर्षभर एकही तान्हं मूल दगावलं नाही, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बायका मला निरोप पाठवायला लागल्या, "बाई, शिबिर कवा हाय?" तोवर निरोप पाठवणारी मी असायची.

सक्तीचंही सांगते, कारण तुम्ही जो उपाय सुचवता तो या देशाने एकदा करून पाहिला आहे. सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू करणारा भारत हा जगातला पहिला देश. सुरुवातीला त्यात पुरुषांचीच ऑपरेशनं जास्त होत, कारण ती सोपी. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यातल्या ६२ लाख पुरुषांच्या. मास्तरांना, तलाठ्यांना, सगळ्यांना कोटे होते. आपल्या महाराष्ट्राने तर त्याच वर्षी तीन मुलांनंतर सक्तीने नसबंदी करण्याचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. १९७७ ला सरकार पडलं आणि कार्यक्रमाचं नावच बदलून कुटुंब कल्याण करावं लागलं, इतकं ते जुनं नाव बदनाम झालं.

माझी नेमणूक याच्या सात वर्षांनंतरची. तरी आमची जीप गावात शिरली की पारावरचे बाप्ये उठून वावराकडे निघून जायचे. म्हातारी माणसं विचारायची, "पकडाले आले का जी?" पुरुष जे तेव्हा पळाले ते आजतागायत परत आलेले नाहीत. पाचव्या सर्वेक्षणातल्या, देशात वापरात असलेल्या साधनांकडे बघा: विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्क्यांची स्वतःची नसबंदी झालेली आहे, आणि ज्यांच्या नवऱ्याची झालेली आहे अशा फक्त ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे. दीड-दोन वर्षांच्या जबरदस्तीने सगळा भार बायकांच्या पोटावर टाकला, तो पन्नास वर्षं झाली तरी उतरलेला नाही. म्हणून सक्तीचा विषय निघाला की मी शांत राहू शकत नाही.

आणि बायकांच्या बाबतीतही आम्ही फार वेगळं वागलो असं नाही. आणीबाणी संपली तरी टार्गेट होतंच. मार्च जवळ आला की मीटिंगमध्ये प्रत्येक नर्सला उभं करून आकडा विचारायचे. बाईला आम्ही बाई म्हणत नव्हतो, 'केस' म्हणत होतो. "किती केसेस झाल्या?" "तीन कमी आहेत सर." मग पगार अडकेल, बदली होईल, असं ऐकावं लागायचं. अशाच एका फेब्रुवारीत मी एका बावीस-तेवीस वर्षांच्या बाईला शिबिराला नेलं. दोन मुलगे होते, मोठा चारचा, धाकटा दीड वर्षाचा. नवरा हो-ना करत होता, सासू नाही म्हणत होती. मी तीन वेळा त्यांच्या घरी गेले. माझ्या टार्गेटला ती एक बाई कमी पडत होती, हे मी मान्य करते. तांबी (कॉपर-टी) बसवून दोन-तीन वर्षं थांब, धाकटा मोठा होऊ दे, हे तिला सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. त्या वर्षी पावसाळ्यात धाकटा सापाने गेला. दोन वर्षांनी मोठाही तापाने गेला. नळ्या परत जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण ते मोठ्या दवाखान्यात, आणि मूल राहीलच याची खात्री नाही. तेवढे पैसे आणि तेवढी उमेद त्या घरात नव्हती. ती बाई मला पुढे कित्येकदा बाजारात भेटली. तिने मला कधी एक वाकडा शब्द बोलला नाही. नवऱ्याने दुसरी बायको केली, हे तिने मला असं सांगितलं जसं काही पाऊस पडला नाही हे सांगावं.

१९९६ च्या एप्रिलपासून सरकारने वरून येणारी टार्गेटं बंद केली. त्याच्या दोन वर्षं आधी कैरोला जागतिक परिषद झाली होती आणि आकड्यांऐवजी बाईच्या आरोग्याकडे बघायचं ठरलं होतं. कागदावर 'टार्गेट' जाऊन 'अपेक्षित पातळी' आली. खाली आमच्यापर्यंत येता येता दोन्हींत फारसा फरक उरत नव्हता, तरी काही चांगले वैद्यकीय अधिकारी भेटले, ज्यांनी आम्हाला आकड्यासाठी कधी रागावलं नाही. घाईच्या शिबिरांची किंमत देशाने पुढेही मोजली. शेजारच्या छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ नोव्हेंबर २०१४ मध्ये एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं केली आणि त्या शिबिरांनंतर तेरा बायका गेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तीन वर्षांत ही शिबिरं बंद करा आणि ऑपरेशनं नीट दवाखान्यात करा.

आता तुमच्या दोन मुलांच्या कायद्याकडे येते. ग्रामपंचायतीला १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सदस्यत्व जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. २००५ पासून सरकारी नोकरीसाठीही लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या प्रकरणात असा कायदा वैध ठरवला. मी न्यायालयाशी वाद घालत नाही. मला जे दारात दिसलं ते सांगते. एका गावात महिला राखीव जागेवर निवडून आलेली बाई तिसऱ्यांदा गरोदर राहिली. पहिल्या दोन मुली. मुलगा पाहिजे हे तिने ठरवलं नव्हतं, ते घराने ठरवलं होतं. चौथ्या महिन्यात ती माहेरी गेली आणि आमच्या यादीतून नाहीशी झाली. ना धनुर्वाताचं इंजेक्शन, ना लोहाच्या गोळ्या, ना रक्त तपासणी. आशाला घरचे सांगायचे, ती आजारी आहे. बाळंतपण घरीच केलं, कारण दवाखान्यात नोंद झाली असती. जन्माची नोंद जावेच्या नावावर. बाळ सात महिन्यांचं होईपर्यंत एकही लस नाही. निर्णय घराचा, पद बाईचं आणि जीव धोक्यात बाळाचा. याउलट निवडून आलेल्या पुरुषाने बायकोला टाकून 'हे मूल माझं नाही' म्हटल्याचंही मी ऐकलं आहे. मध्य प्रदेश, हरियाणा, हिमाचल या राज्यांनी ही अट लावून पाहिली आणि २००५-०६ च्या सुमारास काढून टाकली. आंध्र प्रदेशाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये काढली, तीही मुलं फार कमी होत आहेत या काळजीने! चीनने एक मूल धोरण पस्तीस वर्षं चालवलं, मग दोन केली, मग तीन, आणि २०२२ पासून त्यांची लोकसंख्या घटते आहे. केरळने दोन मुलांचा असा कायदा केला नाही. देशाचा आकडा ३.४ होता तेव्हाच तिथे तो २.० वर आलेला होता. तिथल्या मुली शाळेत गेल्या होत्या आणि तान्ही मुलं जगत होती.

तुमचा रेशन बंदचा विचार याहूनही कठीण आहे. तिसरं लेकरू जन्मतं ते घरातलं सगळ्यात अशक्त. त्याचंच धान्य तुम्ही काढून घेणार? ते कमी वजनाच्या यादीत जाईल, आणि दगावलं तर त्या घरात चौथं होईल. मी वर सांगितलेल्या दोन रकान्यांकडे आपण पुन्हा जाऊ.

मुलाच्या हव्यासाचं काय, हे मात्र तुम्ही विचारायला हवं होतं, कारण आज आपल्या भागात तिसरं मूल बहुतेक त्यासाठीच होतं. "मले दोनी पोट्ट्याच हायेत बाई, बुढी आपरेशन करू देत नाई," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. इथे दोनाची सक्ती केली की काय होतं ते २०११ च्या जनगणनेत दिसतं. कुटुंब लहान होत गेलं आणि सोनोग्राफी तालुक्यात पोचली. बुलडाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८५५ उरल्या. गडचिरोलीत मात्र ९५० च्या वर, जिथे पैसा आणि सोनोग्राफी दोन्ही कमी. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारं पहिलं राज्य आपलं, १९८८ मध्ये, देशाचा कायदा १९९४ चा. तरी हे झालं. आज शेतकऱ्याच्या पोराला पस्तिशीपर्यंत बायको मिळत नाही म्हणून जे घर रडतं, त्याच घरात वीस वर्षांपूर्वी काय झालं होतं हे कधीकधी मला माहीत असतं, आणि मी काही बोलत नाही. दोन मुलींवर थांबणाऱ्यांना सरकारने आधी सावित्रीबाई फुले कन्या कल्याण, मग माझी कन्या भाग्यश्री आणि आता लेक लाडकी योजना दिली. पिवळ्या-केशरी रेशनकार्डाच्या घरातल्या मुलीला जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळतात. तुमच्या गावात किती मुलींचे अर्ज भरले गेलेत? सदस्य म्हणून तुम्ही आधी हे बघा.

आणि पाळणा लांबवण्याचं. आपला कार्यक्रम ऑपरेशनवर इतका उभा राहिला की बावीस वर्षांच्या पोरीला दुसरं मूल होताच 'आता उरकून टाक' याशिवाय आपण काही सांगत नाही. खरं तर तांबी आहे, दहा वर्षं चालणारी, बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवता येते. माला-एन गोळ्या आहेत. अंतराचं इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा. छायाची गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. हे सगळं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. मग बायका घेत का नाहीत? कारण घेतल्यावर काय होतं ते कुणी आधी सांगत नाही. अंतराने पाळी पुढे-मागे होते, कधी थांबतेही. त्याने अपाय होत नाही, पण बाईला वाटतं घाण आत साचली. तांबीने पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, आणि आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी. तिला आधी रक्तवाढीच्या गोळ्या द्यायला हव्यात. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत बायका तपासल्या, तर ९२ टक्क्यांना अंगावरून पांढरं जाण्यासारखा कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. १९८९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. मला तो वाचून धक्का बसला नाही, माझ्या पिढीच्या प्रत्येक नर्सला ते हाताने माहीत होतं. आतला आजार बरा न करता तांबी बसवली की सगळा दोष तांबीला लागतो. एका बाईची तांबी दुखली की गल्लीतल्या दहा बायका तांबीला नाव ठेवतात. त्याउलट एकीला नीट तपासून, समजावून बसवली आणि आठ दिवसांनी तिच्या घरी चक्कर मारली, तर ती स्वतःच दोघींना घेऊन येते. हे मी करून पाहिलं आहे.

लग्नाचं वयही यातच येतं. पाचव्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. आपल्या भागात मुलीची शाळा कुठे सुटते ते तुम्हाला माहीत आहे, गावची शाळा संपते तिथे. सातवी झाली, पुढची शाळा आठ किलोमीटरवर, रस्त्यात नाला, एसटी वेळेवर नाही. मुलगी घरी बसली की कापूस वेचणीला जाते, आणि वेचणीला जाणारी मुलगी दोन वर्षांत लग्नाची होते. मानव विकासच्या निळ्या बस सुरू झाल्या तेव्हा माझ्या एका गावातून पहिल्याच वर्षी नऊ मुली हायस्कूलला जायला लागल्या. मी त्यांची नावं पुढे गरोदर मातांच्या रजिस्टरात शोधायची, ती पाच-सहा वर्षांनी उशिरा आली, दोघींची अजून आलेली नव्हती. बौद्ध वस्त्यांत लहान कुटुंब इतरांच्या आधी आलं, तिथेही पोरींचं शिक्षण हेच मला कारण दिसतं. बाबासाहेबांच्या पक्षाने १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला होता. तो तेव्हा फेटाळला गेला. तर भाऊ, ती बस बंद पडली किंवा अवेळी यायला लागली तर आगारात जाऊन बसा. बालविवाह रोखण्याचा अधिकार तुमच्या ग्रामसेवकाला आहे, १०९८ वर कुणीही कळवू शकतं. हे काम दोन मुलांच्या कायद्यापेक्षा जास्त पाळणे थांबवेल.

तुमच्या गावातल्या चार लेकरांच्या घरांकडे जा. आशाताईला सोबत घ्या, एकटे जाऊ नका. किती झाली हे विचारू नका, किती गेली ते विचारा. किती मुली, शेवटचं केवढं, ऑपरेशनला कोण नाही म्हणतं, ते बघा. एखाद्या घरी कळेल की बाई तीनदा शिबिरातून परत आली, रक्त कमी म्हणून किंवा बी.पी. जास्त म्हणून, आणि नंतर कुणी विचारायला आलं नाही. वेचणीचे दिवस असतील तर आठ दिवसांची रोजी बुडेल आणि डोक्यावर पाण्याचा गुंड (हंडा) कोण आणेल हाही प्रश्न असतो. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला ऑपरेशनचे ६०० रुपये मिळतात, इतर घरातल्या बाईला २५०. तेवढ्यात आठवड्याची मजुरी भरून येत नाही. यातलं बरंचसं ग्रामपंचायत सोडवू शकते.

आता तुमच्या मिसेसचं. त्यांचं ऑपरेशन म्हणजे पोटाला छेद, भूल, नंतर काही आठवडे वजन उचलणं बंद. तुमचं ऑपरेशन म्हणजे त्या जागेपुरती भूल, एक बारीक छिद्र, टाका नाही, पंधरा-वीस मिनिटांचं काम आणि अर्ध्या-एक तासात घरी. ताकद जात नाही, नवरा-बायकोच्या संबंधात काही बदलत नाही. फक्त बीज बाहेर येणाऱ्या नळ्या बांधतात. "मी केलं त वखर कोन धरीन?" असं मला शेकडो बाप्यांनी विचारलं. वखर धरायला एक आठवडा थांबावं लागतं, एवढंच. दोन दिवस आराम, आठ दिवस सायकल-मोटारसायकल आणि जड काम नको, घट्ट लंगोट घाला. तीन महिने निरोध न चुकता वापरा, कारण नळीत आधीचं बीज शिल्लक असतं. तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्या आणि डॉक्टरांनी 'आता चालेल' म्हटल्यावरच निरोध सोडा. बायकोच्या ऑपरेशनपेक्षा तुम्हाला जास्त पैसे मिळतात, हजाराच्या वर. धाकटं मूल किती वर्षांचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही. वर्षाच्या आतलं असेल तर दोघांपैकी कुणीच घाई करू नका, तोवर तांबी किंवा अंतरा बघा. २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, तेव्हा तालुक्याला त्यात हात बसलेला सर्जन येतो. आशाताईकडे नाव द्या, आणि तुमच्याबरोबर गावातला आणखी एखादा आला तर त्यालाही घेऊन जा.